दप्तराचं ओझं आणि पोरांची पाठदुखी : तुमचे अनुभव

काल लेकीला आंघोळ घालताना खांद्यावर पट्ट्यांचे लाल वळ दिसले, दोन्हीकडे. चौथीत आहे. काट्यावर आधी तिला नुसतं उभं केलं मग दप्तरासकट, २४ आणि साडेएकोणतीस. साडेपाच किलो! मला एकदम माझं दप्तर आठवलं, आईने शिवलेलं, एका खांद्यावरचं. आठवीत शिंपीकाकांनी माप घेताना सांगितलं, हिचा डावा खांदा खाली आहे, तोपर्यंत घरात कुणाच्या लक्षातच नाही. तुमच्याकडे काय?

चिमणी
सेम. लेकाची मान आखडते, रोज शेक. उघडून बघितलं तर सगळ्या विषयांच्या सगळ्या वह्या! म्हणे वही नसली की बाई शेरा देतात मग रोज सगळंच नेतो. माझ्या पोटात तुटलं. भीतीने ओझं वाहतंय पोर.

अमोल७
वजनाच्या १०% च्या वर दप्तर नको असा २०१५ चा जीआर आहे आपल्या राज्याचा. २०२० च्या केंद्राच्या पॉलिसीत तर तिसरी ते पाचवी जास्तीत जास्त अडीच किलो. छापून मीटिंगला न्या.

गोदाकाठ
२०१६ ला चंद्रपूरच्या सातवीतल्या दोन पोरांनी यावर पत्रकार परिषद घेतलेली, आठवतंय का? वर्ग तिसऱ्या मजल्यावर होता त्यांचा. केवढं कौतुक वाटलेलं तेव्हा

रेवाची आई
बाटली बघा आधी. शाळेतलं पाणी नको म्हणून आम्ही दीड लिटरची द्यायचो, म्हणजे दीड किलो तिथेच. आम्ही सहा-सात जणी जाऊन भेटलो, फिल्टर बसला, आता रिकामी बाटली नेते

सावली
फिजिओ आहे, घाईत लिहितेय. ओझं मागे ओढतं म्हणून मूल पुढे वाकतं आणि मान बाहेर काढतं, मग मान खांदे कंबर सगळं ताणून धरलेलं, संध्याकाळी दुखणारच. जाड पुस्तकं पाठीला चिकटून ठेवा, दोन्ही पट्टे घालायला लावा आणि ते आवळा, दप्तर कमरेखाली लोंबायला नको. हाताला मुंग्या येत असतील किंवा रात्री दुखून जाग येत असेल तर घरी तेल चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

चिमणी
@सावली थँक्यू गं. गुडघे पण दुखतात म्हणतो, जिने चढून असेल का

बाबूराव_सांगली
बालभारतीचं चार भागातलं पुस्तक आलं २०२३ ला, आत वहीची कोरी पानं, बरं वाटलं होतं. पण आमच्या शाळेत वेगळ्या वह्या चालूच राहिल्या. आता तर ती पानंही गेली.

गोदाकाठ
बाबूराव सांगलीत कुठे? माझं माहेर विश्रामबाग

बाबूराव_सांगली
मिरज रोडला ताई. पाऊस आहे का नाशकात?

रेवाची आई
शिंपीकाकांचं वाचून मी आत्ता लेकीला आरशासमोर उभं केलं. उजवा खांदा खाली वाटतोय. @सावली व्यनि (खाजगी निरोप) केलाय, बघशील का