बीपीचं एन्झाइम बीपी सोडून आणखी काय काय करतं? (मदत हवी आहे)

डॉक्टर, फार्मसीवाले, बायोकेमिस्ट्रीवाले कुणी असाल तर जरा इकडे बघा.

आमच्या नानांना (यावल तालुका, केळीची शेती) बीपीसाठी रामिप्रिल सुरू होती. रात्र रात्र कोरडा खोकला. घरात सगळ्यांनी करप्याच्या फवारणीवर खापर फोडलं, आईने हळद-गुळाच्या गोळ्या वळल्या. डॉक्टरांनी रामिप्रिल थांबवून टेल्मिसार्टन दिली आणि खोकला गेला. नाना आता निवांत आहेत, डोकं माझं फिरलंय.

मी अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते. वर्गात एसीईचं (अँजिओटेन्सिन कन्व्हर्टिंग एन्झाइम, रामिप्रिल अडवते ते हेच) काम एका ओळीत उरकतं: अँजिओटेन्सिन १ चं अँजिओटेन्सिन २ करतं, रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतं. खोकल्याचं कारण शोधताना कळलं की हेच एन्झाइम ब्रॅडिकिनिन आणि सबस्टन्स पी या शरीरातल्या छोट्या पेप्टाइड्सनाही (अमिनो आम्लांच्या साखळ्या) तोडतं. ते अडवलं की दोन्ही साठतात आणि घशात खवखव. टेल्मिसार्टन एन्झाइमला हातच लावत नाही, अँजिओटेन्सिन २ जिथे जाऊन चिकटतं तो पुढचा रिसेप्टर अडवते. इथपर्यंत ठीक.

पुढे वाचलं आणि गुंता झाला. या एन्झाइमला जस्त धरणाऱ्या दोन जागा, म्हणजे एकाच विळ्याला दोन पाती. त्यातलं एक पातं एसी-एसडीकेपी नावाचा चार अमिनो आम्लांचा तुकडा तोडतं. हा तुकडा रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींना विभाजनापासून रोखून धरतो. वृषणात तर एकाच पात्याचं वेगळं एसीई असतं, शुक्रपेशींवर. एसीईचं जीन काढून टाकलेल्या नर उंदरांना पिल्लं फार कमी होतात.

अडलंय ते इथे. रामिप्रिलसारख्या एसीई अडवणाऱ्या गोळ्या लाखो पुरुष वर्षानुवर्षं घेतात, पण मूल न होणं हा काही त्यांचा नेहमीचा दुष्परिणाम नाही. असं का? औषध वृषणात पुरेसं पोचत नाही, की थोडं एन्झाइम शिल्लक राहिलं तरी भागतं?

दुसरं, गोळी घेणाऱ्यांच्या रक्तात एसी-एसडीकेपी वाढतो. किडनीच्या पेशंटचं हिमोग्लोबिन या गोळ्यांनी उतरू शकतं, त्यामागे हा तुकडा आहे की अँजिओटेन्सिन २ कमी पडणं?

(या गोळ्यांनी रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, हे कृपया सांगू नका. केळीच्या गावात ‘केळी जपून खा’ म्हणणाऱ्या डॉक्टरांचं कोण ऐकतं ते रोज बघतेय.)

नानांच्या गोळीबद्दल सल्ला नकोय, ते त्यांचे डॉक्टर बघतायत. पेपर इंग्रजीत असला तरी चालेल, पण दोन ओळी मराठीत समजावल्यात तर वर्गात जशाच्या तशा वापरेन.