एसी डक्टच्या कामातून शिपयार्डात: पत्र्याच्या कामात नेमकं काय बदलतं?

ऐरोली_पत्रा
नमस्कार मंडळी. आयटीआय शीट मेटल वर्कर आहे, सध्या रबाळे एमआयडीसीत बिल्डिंगच्या एसी डक्टचं काम करतो. शिअर (पत्रा कापायचं मशीन), प्रेस ब्रेक (वाकवायचं), लॉकफॉर्मर (जोडाच्या घड्या पाडायचं), मार्किंग सगळं हातचं आहे. आता एका ठेकेदारामार्फत शिपयार्डात जहाजाच्या व्हेंटिलेशनचं काम मिळतंय. तीन गोष्टी विचारायच्या होत्या.
१) ड्रॉइंगवरून शॉपमध्ये डक्ट बनवून नेला तर जागेवर बसतो का?
२) बल्कहेडमधून (जहाजातली उभी पोलादी भिंत) डक्ट पार करताना बिल्डिंगच्या भिंतीसारखंच भोक पाडून दोन्हीकडून फ्लँज (बोल्ट लावायची कड) मारायची का?
३) मार्किंगला आम्ही प्रत्येक बेंडला पत्र्याची जाडी दोनदा वजा करतो. तिथे चालेल?
पगाराचं विचारत नाही, ते ठरलंय.

नेरुळचा_फिटर
पहिल्याचं उत्तर: सरळ लांबीचे तुकडे बसतात, बाकीचे नाही. वेल्डिंगने प्लेट ओढली जाते, डेकला मधे फुगवटा असतो, आणि ज्या जागेतून डक्ट जायचा तिथून पाइपवाला किंवा केबल ट्रेवाला आधीच गेलेला असतो. म्हणून ड्रॉइंगवरून रूट समजून घ्यायचा आणि माप जहाजावर घ्यायचं.

माप घेताना पाणसळ आणि ओळंबा बॅगेतच ठेव. बिल्डिंगवाल्यांची इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. स्लिपवेवर (जहाज बांधून पाण्यात सोडायचा उतार) जहाज उताराला उभं असतं, आणि पाण्यात उतरलं की टाक्या भरतील-रिकाम्या होतील तसा त्याचा कल बदलत राहतो. आज पाणसळीने लेव्हल केलेला डक्ट उद्या वाकडा दिसेल. सगळी मापं जहाजाच्या स्वतःच्या रेषांवरून घ्यायची: सेंटर लाइन, फ्रेम नंबर (जहाजाच्या आडव्या फासळ्यांचे क्रमांक) आणि डेकवरून उंची. काटकोन बघायला गुण्या चालतो, मोठ्या चौकटीला दोन्ही कर्ण मोजून बघ.

ऑफसेट आणि ट्रान्झिशनसाठी ३ मिमी प्लायच्या पट्ट्यांचं किंवा ६ मिमी सळीचं टेम्प्लेट कर. त्यावर मार्करने फ्रेम नंबर, पोर्ट (डावी बाजू) की स्टारबोर्ड (उजवी), पुढची दिशा दाखवणारा बाण आणि 'वर' हे चारही लिही. एक जरी राहिलं तरी शॉपमध्ये उलट्या हाताचा तुकडा तयार होतो, कारण दोन्ही बाजूंच्या केबिन बऱ्याचदा आरशातल्यासारख्या असतात.

प्रत्येक रनमध्ये शेवटचा तुकडा १५०-२०० मिमीचा, एका बाजूची फ्लँज न जोडलेला ठेव. जागेवर फ्लँज टॅक करायची (वेल्डचे छोटे ठिपके देऊन धरायची), काढून आणून शॉपमध्ये पूर्ण करायची, मग परत न्यायची. दोन फेऱ्या वाढतात, पण ओढूनताणून बोल्ट लावलेला डक्ट इंजिनच्या थरथरीने सुटतोच.

आणि हो, आत न्यायची वाट आधी मोज. ६०० बाय ४०० च्या मॅनहोलमधून ७०० बाय ७०० चा डक्ट कसाही फिरवला तरी जात नाही.

बेलापूर_डेक
दुसऱ्या प्रश्नावर थोडं सविस्तर, कारण इथे चूक झाली तर काम सर्व्हेयरकडूनच (जहाज तपासून मंजुरी देणारा) परत येतं.

जहाजावर बल्कहेड म्हणजे नुसती भिंत नाही. ती आग अडवणारी असेल, पाणी अडवणारी असेल किंवा दोन्ही. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या मोठ्या मालवाहू आणि प्रवासी जहाजांना सोलास (जहाजाच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार) लागू असतो. 'ए' वर्गाच्या (आग अडवणाऱ्या पोलादी) बल्कहेडमधून पातळ पत्र्याचा डक्ट जाताना क्षेत्रफळ ०.०२ चौरस मीटरपर्यंत असेल (म्हणजे २०० बाय १००, किंवा १५० व्यासाचा गोल) तर किमान ३ मिमी जाड, २०० मिमी लांब स्टीलचा स्लीव्ह (भोकात बसणारी जाड नळी) लागतो, शक्यतो दोन्हीकडे १००-१००. त्यापेक्षा मोठा डक्ट असेल तर स्लीव्ह ३ मिमी जाडच, पण लांबी ९०० मिमी, दोन्हीकडे ४५०, आणि त्यावर बल्कहेडइतकंच इन्सुलेशन. ०.०७५ चौरस मीटरच्या वर गेला (३०० बाय २५० म्हणजे बरोबर ०.०७५) की आपोआप बंद होणारा फायर डॅम्पर (आग लागल्यावर डक्ट बंद करणारी झडप) हवाच. इंजिन रूमचा डक्ट केबिनच्या भागातून जात असेल तर तिथे तो डक्टच जाड लागतो: ०.०७५ च्या आत ३ मिमी, ०.४५ पर्यंत ४, त्यावर ५ मिमी. युद्धनौकेवर नौदलाचे स्वतःचे नियम असतात, तिथे मंजूर ड्रॉइंगच बघायचं.

स्लीव्ह साध्या माइल्ड स्टीलचा कर, गॅल्व्हनाइज्ड नको. तो बल्कहेडला दोन्हीकडून सलग वेल्ड होतो आणि जस्ताचा थर तिथे जळून सच्छिद्र वेल्ड मिळतो. स्लीव्ह आधी, मग पेंट, मग इन्सुलेशन, शेवटी डक्ट. हा क्रम उलटला की लावलेलं इन्सुलेशन फाडावं लागतं आणि तो खर्च कोणाच्या नावावर जाईल ते सांगायला नको.

भोक स्वतः पाडायचं नाही. कुठे, किती आणि कोपऱ्याला किती रेडियस हे मंजूर झालेलं असतं. चौकोनी कोपऱ्यातून तडा सुरू होतो. बीम किंवा स्टिफनर आड येत असेल तर डक्ट वळवायचा, बीम कापायचा नाही. वॉटरटाइट बल्कहेड असेल तर वेल्डनंतर टेस्ट होते. होज टेस्टला (जोडावर पाण्याचा फवारा मारून बघणं) १२ मिमी नोझलवर किमान २ बार दाब, दीड मीटरच्या आतून. वेल्डला पिनहोल असेल तर पलीकडे पाणी झिरपलेलं दिसतं.

वागळे_इस्टेट_ब्रेक
तिसरा प्रश्न माझ्याकडे. दोनदा जाडी वजा करणं चूक नाही, पण त्यात एक अट लपलेली आहे: व्ही-डाय (ज्या व्ही आकाराच्या खाचेत पत्रा वाकतो ती) रुंदीला जाडीच्या आठपट असायला हवी. हिशोब बघ. ३ मिमी माइल्ड स्टील, २४ ची डाय, आतला रेडियस साधारण ४. ९० अंशाला बेंड अलाउन्स (वळणात जाणारी पत्र्याची लांबी) १.५७ × (४ + ०.४ × ३) = ८.२. दोन्ही बाहेरच्या मापांतून वजा करायचं ते २ × (४ + ३) − ८.२ = ५.८. तुझा नियम ६ सांगतो, जमलं.

आता २४ ची डाय दुसऱ्या मशीनवर गेली म्हणून तोच पत्रा ४० वर टाकला. रेडियस ६.४ च्या आसपास येतो, वजावट ६.९. तू ६ च वजा केलंस तर प्रत्येक बेंडला माप जवळपास १ मिमी मोठं. चार बेंडच्या चौकटीत साडेतीन मिमी, आणि फ्लँजची भोकं जुळत नाहीत.

अ‍ॅल्युमिनियम ५०८३ ला (जहाजावर वापरतात तो मिश्रधातू) तर तो नियम सोडूनच दे. ते ताठ असतं, आतला रेडियस जाडीच्या अडीच-तीन पट तरी ठेवावा लागतो. ३ मिमीला ९ रेडियस धरला तर वजावट ८ येते. बेंड लाइन पेन्सिलने मार, स्क्रायबरने नाही, बरोबर त्या ओरखड्यातून तडा जातो. शक्य असेल तेव्हा बेंड रोलिंगच्या दिशेला आडवा घे. शंका असेल तर त्याच शीटची १०० मिमीची पट्टी कापून, बेंड करून, मोजून बघ. पाच मिनिटांचं काम आहे.

अ‍ॅल्युमिनियम डक्ट स्टीलच्या हँगरवर थेट टेकवू नकोस. खारी हवा लागली की जोडावर पांढरी पूड दिसायला लागते, तेवढ्यात अ‍ॅल्युमिनियम खाल्लेलं असतं. मधे निओप्रीन पट्टी, बोल्टला इन्सुलेटेड बुश आणि वॉशर.

ऐरोली_पत्रा
मनापासून धन्यवाद, डायचं तर कोणी सांगितलंच नव्हतं. ठेकेदार म्हणतो भोकं तयार असतील, आम्ही फक्त स्लीव्ह टाकायचे. मग वेल्डिंगच्या परमिटची (परवानगीची) भानगड त्याची ना?

बेलापूर_डेक
नाही, परमिट बघणं तुझंही काम आहे. स्लीव्ह वेल्ड होताना बल्कहेडच्या पलीकडे काय आहे ते स्वतः जाऊन बघ. ताजा पेंट, फोम, चिंध्या, केबल काहीही असू शकतं आणि आग तिकडेच लागते. फायर वॉचचा माणूस पलीकडेही हवा, आणि काम संपल्यावर किमान अर्धा तास. बंद टाकीत किंवा कोंदट जागेत गॅस टेस्ट झाल्याशिवाय उतरायचं नाही, ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर अजिबात नाही. वेल्डिंगचा आर्गॉन वायू हवेपेक्षा जड असतो, खालच्या भागात साठतो आणि त्याला वास नसतो. जेवणाच्या सुट्टीत वेल्डिंगची टॉर्च आणि गॅसची होज आत सोडून वर यायचं नाही.

तयार भोकसुद्धा टेम्प्लेटआधी मोज. फ्रेमपासूनचं अंतर ड्रॉइंगपेक्षा १०-१५ मिमी सरकलेलं असेल तर सुपरवायझरकडून लेखी घे, मगच स्लीव्ह टॅक कर.

नेरुळचा_फिटर
जाण्यायेण्याचं: माझगावच्या बाजूला असेल तर ऐरोलीहून ट्रान्सहार्बर लोकलने वाशी, तिथून हार्बर लोकलने डॉकयार्ड रोड. गेटवर पास आणि तपासणीला वेळ जातो, एक गाडी आधीची पकड.