एमडींच्या मेव्हण्याच्या फर्मला वाहतुकीचं कंत्राट: कलम १८८ लागत नसेल तर फाइलमध्ये काय ठेवायचं?

हिशेबनीस (प्रश्न)
कंपनी प्रायव्हेट लिमिटेड, संचालक पाच. वाहतुकीचं कंत्राट नव्याने द्यायचं आहे. सर्वांत कमी दर एमडींच्या मेव्हण्याच्या (पत्नीच्या भावाच्या) फर्मचा आला आहे. सल्लागार म्हणतात, कंपनी कायदा २०१३ नुसार बायकोचा भाऊ 'नातेवाईक' होत नाही, म्हणून कलम १८८ (संचालकांशी संबंधित पक्षांबरोबरच्या व्यवहाराला मंजुरी मागणारं) लागत नाही आणि ठरावाचीही गरज नाही. उद्या बँकेने किंवा डावललेल्या ट्रान्स्पोर्टरने विचारलं तर दाखवायला काय असावं? आणि एमडींनी स्वतः काय करावं?

कंपनी_सचिव
सल्लागारांचं म्हणणं अर्धंच बरोबर आहे. कलम २(७७) आणि त्याखालच्या नियमातली यादी छोटी आहे: हिंदू अविभक्त कुटुंबातले सदस्य, पती-पत्नी, आई, वडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण. मेव्हणा, साडू, सासरे त्यात नाहीत. पण नातं फक्त एमडींपासून मोजून थांबू नका. पाच संचालकांत एमडींच्या पत्नी आहेत का? प्रायव्हेट कंपन्यांत हे सर्रास असतं. त्या संचालक असतील तर हा त्यांचा सख्खा भाऊ, म्हणजे सरळसरळ संबंधित पक्ष. त्या संचालक नसल्या, पण भावाच्या फर्ममध्ये भागीदार असल्या, तरी कलम २(७६) नुसार ती फर्म संबंधित पक्ष ठरते. फर्म नसून प्रायव्हेट कंपनी निघाली तर पत्नीच्या नावावर एक शेअर असणंही पुरतं.

त्यामुळे आधी कागद मागवा. भागीदारी असेल तर करारनामा, एकट्याची मालकी असेल तर जीएसटी नोंदणी, कंपनी असेल तर भागधारकांची यादी. तोंडी खात्रीवर जाऊ नका.

संबंध निघालाच तर: व्यवहार नेहमीच्या धंद्यातला आणि आर्म्स लेंग्थ (परक्याशी केला असता तशाच अटींवरचा), दोन्ही असेल तर कलम १८८ ची मंजुरी लागत नाही. दोहोंपैकी एकही कमी पडलं तर संचालक मंडळाचा ठराव हवा, आणि सेवेची रक्कम उलाढालीच्या १० टक्के किंवा अधिक असेल तर भागधारकांचाही. ठराव राहून गेला आणि तीन महिन्यांत मान्यता घेतली नाही, तर मंडळ किंवा भागधारक तो करार रद्द ठरवू शकतात.

आता खरा मुद्दा. यातलं काहीही लागू झालं नाही तरी कलम १६६(४) उरतंच. कंपनीच्या हिताशी टक्कर होईल किंवा होऊ शकेल असा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध संचालकाने ठेवू नये, असं ते सांगतं. 'नातेवाईक' हा शब्द त्यात नाहीच. भंग झाल्यास दंड १ लाख ते ५ लाख रुपये. म्हणजे 'मेव्हणा यादीत नाही' या वाक्याने फक्त १८८ चा प्रश्न सुटतो.

खरेदी_विभाग
सर्वांत कमी दर आला म्हणजे आर्म्स लेंग्थ सिद्ध झालं, असं नसतं. वाहतुकीत पैसा मूळ दरात कमी आणि बाकीच्या कलमांत जास्त सुटतो. तुलनेचा तक्ता करताना प्रत्येकाचा प्रति टन दर, गाडी अडकून राहिल्याचा आकार, परतीचं रिकामं भाडं, चढ-उतार हमाली, डिझेल वाढल्यावर दर कसा बदलणार, किमान मालाची हमी, आगाऊ रक्कम आणि पैसे देण्याची मुदत हे सगळं शेजारी-शेजारी मांडा. मग मागच्या वर्षीच्या प्रत्यक्ष फेऱ्या त्यात घालून एकूण खर्च काढा.

मुदतीकडे लोक हमखास दुर्लक्ष करतात. इतरांना ६० दिवस आणि याला १५ दिवस, तर १२ टक्के व्याजाने ४५ दिवसांचे जवळपास दीड टक्का होतात. दर तेवढा वाढवून दिल्यासारखंच ते.

कोटेशनं मागवणारा माणूस एमडींच्या हाताखाली थेट काम करणारा नसावा. एकाच दिवशी, एकाच मजकुराचं पत्र सगळ्यांना जावं आणि पाकिटं दोघांसमोर उघडावीत. तीन कोटेशनं असली तरी पत्ता, फोन, टायपाची पद्धत पडताळा. दोन पाकिटं एकाच टेबलावर तयार झालेली असतात असे प्रकार होतात.

हिशेबनीस
पत्नी संचालक नाहीत, तपासलं. फर्म भावाची एकट्याची. मग मंडळापुढे न्यायचंच तर एमडी बैठकीत बसले तर चालेल का? कोणीतरी म्हणालं की प्रायव्हेट कंपनीला सूट आहे.

कंपनी_सचिव
सूट आहे. जून २०१५ च्या अधिसूचनेनुसार प्रायव्हेट कंपनीचा संचालक हितसंबंध जाहीर करून कलम १८४ (हितसंबंध असलेल्या संचालकाला एरवी चर्चेपासून दूर ठेवणारं) खालच्या चर्चेत भाग घेऊ शकतो. तरीही ती वापरू नये असं माझं ठाम मत आहे. एमडी समोर बसलेले असताना त्यांनीच नेमलेले संचालक 'हा दर जास्त वाटतो' असं म्हणणार नाहीत. विषय सुरू होण्याआधी त्यांनी उठून बाहेर जावं आणि इतिवृत्तात बाहेर गेल्याची व परतल्याची वेळ लिहावी. कोरम (बैठकीला लागणारी किमान उपस्थिती) उरतो का ते आधी पाहा.

अजेंड्यासोबत नातं, रक्कम, मुदत, आगाऊ पैसे आणि दर कसा ठरला हे लेखी द्या. कलम १८८ च्या व्यवहारांना नियम १५ हाच तपशील मागतो. इथे तो बंधनकारक नसला तरी नमुना तयार मिळतो. इतिवृत्तात 'चर्चा होऊन मंजूर' एवढंच नको. कुठला आक्षेप आला, त्याला काय उत्तर मिळालं, हे हवं.

अंतर्गत_लेखापरीक्षक
नुसतं जाहीर करून भागत नाही, हे सत्यम या आयटी कंपनीने दाखवलं. १६ डिसेंबर २००८ ला अध्यक्षांच्या कुटुंबाशी संबंधित मेटास नावाच्या दोन कंपन्या सुमारे १.६ अब्ज डॉलरना घेण्याचा ठराव त्यांच्या मंडळाने मंजूर केला. नातं उघड होतं, स्वतंत्र संचालकही होते. गुंतवणूकदार भडकले तेव्हा काही तासांत तो मागे घ्यावा लागला आणि ७ जानेवारी २००९ ला अध्यक्षांनी हिशेब फुगवल्याचं पत्र दिलं. 'हे आत्ताच, याच किमतीला, यांच्याकडूनच का?' या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत मंजुरी रोखायला हवी होती.

तुमच्या बाबतीत धोका मंजुरीनंतरचा जास्त. कंत्राट एका वर्षाचं द्या, आपोआप नूतनीकरणाचं कलम काढा, वार्षिक रकमेला कमाल मर्यादा घाला. बिलं आणि दरबदल एमडींच्या सहीने मंजूर होऊ नयेत. तो अधिकार दुसऱ्या संचालकाला ठरावाने द्या. दर तिमाहीला २५ बिलं चिठ्ठी टाकून निवडा आणि ई-वे बिल, वजनकाट्याची पावती, गेटची नोंद यांच्याशी जुळवा. गाडी अडकल्याचे आकार वेगळे बेरजेत काढा. ते पहिल्या तिमाहीपेक्षा वाढत गेले तर कमी दराची भरपाई तिथून चालली आहे असं समजा आणि थांबवा. बिल मंजुरीच्या मर्यादेच्या जेमतेम खाली येणारी तुकडा-तुकडा बिलंही त्याच वेळी शोधा.

आणखी एक. बँका व वित्तसंस्थांचं कर्ज ५० कोटींच्या वर असेल तर कलम १७७ खाली गैरप्रकारांच्या तक्रारीची यंत्रणा तुम्हालाही बंधनकारक आहे, प्रायव्हेट असलात तरी. लेखापरीक्षण समिती नसेल तर मंडळाने एका संचालकाला ते काम नेमून द्यायचं असतं. तो संचालक एमडी किंवा त्यांच्या घरचा नको, आणि त्याचा संपर्क डिस्पॅचच्या (माल रवाना करणाऱ्या) लोकांना माहीत हवा. खोटी फेरी सर्वांत आधी त्यांनाच दिसते.

हिशेबनीस
कर्ज ५० कोटींच्या वर आहे आणि असा संचालक नेमलेला नाही. पुढच्या बैठकीच्या अजेंड्यावर कंत्राटाच्या आधी तोच विषय घालतो.