मॉरिशसला पोरांना घेऊन उतरताना

नमस्कार मंडळी,

मुलुंडहून लिहितेय, मावशीने या लिस्टवर ॲड केलंय मला. मे महिन्याच्या सुट्टीत मॉरिशसला येतोय, मोठा पाच वर्षांचा, धाकटी दीडची, आणि नवरा ऑफिसमुळे दोन दिवसांनी मागून येणार, म्हणजे उतरताना मी एकटी, दोन पोरं, स्ट्रोलर आणि सासूबाईंनी भरून दिलेली खाऊची पिशवी. हॉटेल ग्रँड बेला आहे. एअरपोर्टवर काय काय विचारतात, आणि तिथून टॅक्सी बरी का मेट्रो? फ्लाइट पहाटेची आहे, त्यामुळे पोरं किरकिर करणार हे धरूनच चाललेय.

मुलुंडची ताई

----

ताई, वेलकम! मी मूळची दादरची, आता मॉरिशसलाच, कात्र बोर्न गावात असते.

पहिलं म्हणजे मेट्रो विसर. ती पोर्ट लुईपासून क्युरपिपपर्यंतच आहे, एअरपोर्टला येतच नाही. एअरपोर्ट बेटाच्या आग्नेय टोकाला, प्लेझान्सला, आणि तुमचं ग्रँड बे पार उत्तरेला, म्हणजे अख्खं बेट उभं कापत जायचंय, सव्वा ते दीड तास धर, आणि संध्याकाळी पोर्ट लुईला ट्रॅफिक लागला तर तो वेगळा. त्यामुळे टॅक्सीच, हॉटेलला सांगून आधी ठरवलेली, आणि चाइल्ड सीट हवी असं मुलीच्या वयासकट लिहून कळव. आता गंमत अशी की आपल्या मुंबईच्या पोरांना आईच्या मांडीवर बसून जायची सवय, धाकटीला पट्ट्यांत अडकवलं की ती भोकाड पसरणार, तेव्हा कोणाकडून सीट मिळाली तर आठवडाभर आधीपासून मुलुंड ते ठाणे तिला त्यात बसव. हे मी सगळ्यांना सांगते आणि कोणी ऐकत नाही 😄

इमिग्रेशनचं टेन्शन घेऊ नकोस, इंडियन पासपोर्टला टूरिस्ट व्हिसा आधी काढावा लागत नाही. रिटर्न तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग विचारतात, त्याचे प्रिंट हातात ठेव, कारण एका हाताने फोन अनलॉक करून मेल शोधताना दुसऱ्या हातातलं पोर पळतं. ऑल इन वन म्हणून ऑनलाइन फॉर्म असतो तो पोरांसकट सगळ्यांचा मुंबईतच भर आणि क्यूआरचा स्क्रीनशॉट काढून ठेव. नवरा बरोबर नाहीये ना, मग त्याचं संमतीपत्र आणि दोन्ही पोरांचे बर्थ सर्टिफिकेट घे, विशेषतः तुझ्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव असेल तर. बहुतेक कोणी बघणार नाही, पण असलेलं बरं. आणि दुबईहून येणारं ते दुमजली ए-३८० विमान तुमच्या जरा आधी उतरलं असेल तर लाइन मोठी असते, तेव्हा लाइनीत लागायच्या आधी सूसू उरकून घे.

आता सासूबाईंची पिशवी. ताजी फळं, भाज्या, बिया, रोपं, कढीपत्तासुद्धा परमिटशिवाय आणायचं नाही. बेट आहे, बाहेरची एखादी कीड आली की शेती धोक्यात, म्हणून हे लोक फार कडक. मे म्हणजे सासूबाई हापूस घालणारच, तो विमानात बसायच्या आधी संपव. पोरासाठी घेतलेलं अर्धं केळंसुद्धा विमानातच संपव, बॅगेत विसरू नकोस. पॅकबंद बिस्किटं, सेरेलॅक वगैरे ठीक, आणि शंका आली तर डिक्लेअर करून मोकळी हो, लपवायला जाऊ नकोस.

----

सर्वांना नमस्कार, बोरिवलीहून. आम्ही गेल्या वर्षी आमच्या जुळ्यांना घेऊन गेलो होतो. वरचं सगळं पटलं पण एक सांगतो, पहिल्या दिवशी ग्रँड बेला जाऊच नका वहिनी. एअरपोर्टपासून माहेबूर आणि ब्लू बे अगदी जवळ, गाडीने दहा-पंधरा मिनिटं, पहिली रात्र तिथे काढा आणि दुसऱ्या दिवशी पोरं फ्रेश असताना उत्तरेला जा. आम्ही तेच केलं, जुळ्यांनी ब्लू बेच्या वाळूत तासभर लोळून घेतलं आणि सगळा वैताग तिथेच उतरला. शिवाय तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, मुलुंडला नऊला झोपणारी पोरं तिथे साडेसातलाच पेंगतात आणि पहाटे साडेचारला टक्क जागी, हे लक्षात ठेवून पहिल्या संध्याकाळी कुठलाही डिनर वगैरे ठरवू नका.

एक जॅकेट हातातल्या बॅगेत ठेवा. मुंबईत मे म्हणजे घामाच्या धारा, पण तिकडे तेव्हा थंडी सुरू होत असते, आणि एअरपोर्टची बाजू वाऱ्याच्या तोंडावर. वाटेत क्युरपिपचं पठार लागतं तिथे पाऊस कधीही.

----

कात्र बोर्नहून परत मीच. दादा, आयडिया चांगली पण तुम्ही दोघं होता हो! ही एकटी, एका रात्रीसाठी दोनदा बॅगा उघडायच्या, दोनदा चेक-इन, दोनदा टॅक्सी? पोरं गाडीत झोपतातच, झोपेत दीड तास काढला की संपलं. माझं मत, सरळ ग्रँड बे. फक्त निघायच्या आधी अरायव्हल्सलाच सिम घे आणि पोरांना खायला घाल. वाटेत दालपुरी मिळाली तर घे, पुरणपोळीसारखीच पण पुरण बिनगोडाचं, आत पिवळी डाळ. "मिरची नको" हे आधी सांग, नाहीतर जो ठेचा लावतात तो आपल्यालाही झेपत नाही.

----

दोघांनाही खूप थँक्यू. नवऱ्याशी बोलले, त्याला ब्लू बे आवडलं (त्याला काय, बॅगा मला उचलायच्यात), पण मी सरळ ग्रँड बेला जातेय, आणि परतीच्या आधीची शेवटची रात्र माहेबूरला घेतोय, तेव्हा तो असेल हाताशी. चाइल्ड सीट शेजारणीकडे मिळाली, उद्यापासून ठाण्याच्या फेऱ्या. स्ट्रोलरचं कोणीच सांगितलं नाही हां. गेटला दिला तर उतरल्यावर दारातच परत मिळतो का बेल्टवर?

----

कात्र बोर्नहून मीच. कधी दारात, कधी बेल्टवर. मुंबईला गेटवर देताना टॅग नीट बघ आणि तिथल्या माणसालाच विचार. मी असते तर कांगारू बॅगच गळ्यात ठेवली असती, धाकटी त्यात आणि मोठा हाताला. आणि त्याच्या खिशात एका चिठ्ठीवर तुझा नंबर आणि हॉटेलचं नाव टाक.