रेल्वे अपघाताची बातमी देताना पहिल्या तासात आकडा आणि कारण कसं लिहायचं?

खानदेशी_बातमीदार:
मंडळी, मी पाचोरा भागातून एका लोकल पोर्टलला बातम्या देतो. २२ जानेवारी २०२५ च्या पुष्पक एक्सप्रेसच्या बातम्या परत चाळत होतो, तर कुठे 'पुष्पकला आग', कुठे 'दोन गाड्यांची धडक'. आग लागलीच नव्हती हो, जळगाव जिल्ह्यातल्या माहेजी-परधाडे स्टेशनांच्या मधे आगीची अफवा पसरली, चेन ओढली, लोकं घाबरून खाली उतरली आणि शेजारच्या लाइनवरून आलेल्या कर्नाटक एक्सप्रेसने त्यांना उडवलं. आता असं काही झालं की ऑफिसातून सारखा फोन, किती गेले, कशामुळे झालं. काय सांगायचं अशा वेळी?

डेस्कवाली:
आकडा कधीच एकटा सोडायचा नाही. कोणी सांगितला, किती वाजता सांगितला, हे त्याच वाक्यात हवं. ओडिशातल्या बालासोरचा रेल्वे अपघात आठव, २ जून २०२३. आधी २८८ मृत, मग ओडिशा सरकारने २७५ केले कारण काही मृतदेह दोनदा मोजले गेले होते, मग परत २८८! तिथे ज्यांनी नुसताच आकडा छापला त्यांच्या वाचकाला वाटणार काहीतरी लपवतायत. आणि जखमींचा आकडा हॉस्पिटलमधून घे, गर्दीतल्या माणसाकडून नको.

रिटायर_लोकोपायलट:
कारणाबद्दल मी बोलतो, कारण पहिल्या तासात सगळे ड्रायव्हरच्याच मागे लागतात आणि ते बघून जीव तुटतो. बालासोरच्याच अपघातात, बहानगा बाजार स्टेशनला कोरोमंडल एक्सप्रेसला मेन लाइनचा हिरवा सिग्नल होता, पण गाडी गेली बाजूच्या लूप लाइनवर, तिथे मालगाडी उभी, तिच्यावर आदळली आणि घसरलेले डबे शेजारून जाणाऱ्या हावड्याच्या गाडीच्या शेवटच्या डब्यांना लागले. चौकशीत निघालं काय, तर सिग्नलच्या वायरिंगमधली चूक. ती चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात आणि ते रेल्वे मंत्रालयाखाली नाहीत, नागरी विमान वाहतूक खात्याखाली येतात, हे बातमीदारांना माहीत असायलाच हवं. तोवर 'कारण समजलेलं नाही' लिहा, त्यात कसला कमीपणा? आणि गाडी घसरली, आदळली, की माणसं गाडीखाली आली, हे आधी नीट विचारून घ्या. नावासोबत नंबर पण घ्या, पुष्पक १२५३३, कर्नाटक १२६२७.

डेस्कवाली:
दादांचं अगदी बरोबर. आणि फोटो! बालासोरला रुळाशेजारचं मंदिर मशीद म्हणून फिरवलं लोकांनी, शेवटी ओडिशा पोलिसांना इशारा द्यावा लागला. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेलं काहीही चढवू नकोस.

खानदेशी_बातमीदार:
पटलं. पण पुष्पकच्या वेळी चहावाला 'आग आग' ओरडला असं तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवारांनीच सांगितलं होतं, मग ते कसं लिहायचं?

डेस्कवाली:
'उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी सांगितलं' असंच, पूर्ण वाक्यात. हेडिंगमधे 'चहावाल्यामुळे अपघात' अजिबात नको. आणि मृतांची नावं घरच्यांना कळल्याची खात्री झाल्यावरच, त्यासाठी ऑफिसने कितीही फोन केले तरी थांबायचं.