ऑटिझम आणि एडीएचडी: सरकारी रुग्णालयात दोन्हींची तपासणी कशी करून घ्यावी?

प्रश्न: शाळकरी मुलात ऑटिझम (स्वमग्नता) आणि एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) या दोन्हींची लक्षणं दिसतात. जिल्हा रुग्णालयात नेमकं कुठे जायचं?

उत्तर १: १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तिथलं ‘डीईआयसी’ (जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र) विचारा. शाळेत येणाऱ्या आरबीएसके (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) पथकाची चिठ्ठी असेल तर उत्तम. केसपेपर काढल्यावर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, दोन्ही तपासायचंय. नाहीतर एकाचं निदान झालं की दुसरं राहूनच जातं. २०१३च्या डीएसएम-५पासून (मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकी नियमावली) दोन्ही निदानं एकत्र देता येतात. ‘एकच काहीतरी असतं’ हे आता जुनं झालं. श्रवणचाचणी आधी उरकून घ्या.

उत्तर २: वर्गशिक्षकांकडून लेखी आणा, आणि ‘मस्ती करतो’ एवढंच नको. गणित अर्ध्यावर सोडतो, डबा-कंपास रोज विसरतो, मधल्या सुट्टीत एकटाच पंख्याकडे बघत बसतो, असं. एडीएचडीसाठी लक्षणं घरी आणि शाळेत, दोन्हीकडे दिसावी लागतात. हा कागद नसला की हमखास फेरी वाया जाते.

उत्तर ३: दिव्यांग प्रमाणपत्राचं वेगळं. ऑटिझमसाठी आयएसएए ही भारतीय मोजपट्टी: ४० मुद्दे, ७० गुणांपासून ऑटिझम धरतात. यूडीआयडीचा (दिव्यांगांचं ओळखपत्र) अर्ज ऑनलाइन. एडीएचडी २०१६च्या दिव्यांग कायद्याच्या यादीतच नाही, हा मुलांवर अन्यायच आहे. तरी लेखी निदान घ्याच, उपचारांना लागतं.