चालत बघायचं नाटक

सोलापूरची काही पोरं प्रेक्षकांना एका जागेवरून दुसरीकडे चालवत नेणारं नाटक करतायत. हे म्हणजे उगाच दमवणं, असं काहींचं म्हणणं. मला पटत नाही. या पोरांनी विषय घेतलाय अपघात विभागाचा. तिथं नातेवाईक बसतो कुठं? केसपेपर, एक्स-रे, रक्तपेढी, मेडिकल, नुसती पळापळ! हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात खुर्चीत बसून ती दिसेल, पायांना कळणार नाही.

रुग्णांची निकडीनुसार लाल, पिवळा, हिरवा अशी वर्गवारी होते. त्याच रंगांच्या पट्ट्या प्रेक्षकांच्या मनगटाला बांधा. लालवाल्यांना आधी आत घेतलं की ‘आमचा नंबर आधी होता’ हे भांडण नीट उमगेल. सीपीआरचा, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबत राहण्याचा प्रसंग मात्र आटपू नका: मिनिटाला १००–१२० दाब, पूर्ण दोन मिनिटं. हात भरून येतात, म्हणून माणूस बदलतात, तेही दाखवा. फक्त सिव्हिलच्या आवारात प्रयोग नको, खऱ्या १०८ रुग्णवाहिकेची वाट अडेल.